खिशातला एककल्ली

परवा चार्जिंगची वायर शोधताना खालच्या खणात माझा जुना म्युझिक प्लेअर हाताला लागला. काडेपेटीहून जरासा मोठा, मागे कपड्याला अडकवायचा चिमटा, पुढे टपालाच्या तिकिटाएवढी स्क्रीन. बघते तर त्याचं पोट सुटलेलं. पुढची काच एका बाजूने उचलली गेली होती आणि फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. लिथियम बॅटरी म्हातारी झाली, किंवा पार रिकामी होऊन महिनोन् महिने तशीच पडून राहिली, की तिच्या आत वायू धरतो आणि ती फुगते. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही आणि काच दाबून जागेवर बसवायला तर मुळीच जायचं नाही. बाजूच्या खाचेतलं मेमरी कार्ड तेवढं मी नखाने काढून घेतलं आणि प्लेअर ई-कचऱ्यात द्यायला वेगळा काढून ठेवला.

नऊ वर्षं वापरला तो. त्यानंतर दोन झाले, एक चुकलेला आणि एक सध्याचा. त्या चुकलेल्याने जे शिकवलं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. शिवाय "फोन आहे ना तुझ्याकडे, मग हे कशाला?" या प्रश्नाला दर वेळी नवं उत्तर शोधायचा आता कंटाळा आला आहे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. या कामात डोळे पूर्ण गुंततात, कान मात्र मोकळे राहतात, म्हणून संगीत. फोनवर ऐकत होते तेव्हा काय व्हायचं, गाणं बदलायला फोन उचलायचा, वर कुणाचा तरी निरोप दिसायचा, त्याला उत्तर द्यायचं, त्याने पाठवलेलं काहीतरी उघडायचं, आणि भानावर यावं तर वीस मिनिटं गेलेली, गाणं कधीच संपलेलं, आणि आपण कोणत्या ओळीवर होतो तेही आठवत नाही. फोनला 'व्यत्यय नको' म्हणायची सोय असते, मला ठाऊक आहे. लावून पाहिली. पण ती लावायलाही फोन उचलावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. दोष माझा आहे हे कबूल. पण या वयात स्वतःला बदलण्यापेक्षा यंत्र बदलणं सोपं.

जुन्याची बॅटरी तासाभरात मान टाकू लागली तेव्हा मी नवा शोधायला घेतला आणि पहिली चूक केली. मी खूप वाचलं. चिपचे क्रमांक, गोंगाटाच्या तुलनेत मूळ आवाज किती याचे आकडे, दशांश चिन्हानंतर किती शून्यं. महिनाभरात मला दोन डॅक असलेलाच प्लेअर हवा असं वाटायला लागलं. आदल्या महिन्यापर्यंत डॅक म्हणजे काय हे मला सांगता आलं नसतं. (फाइलीतल्या आकड्यांची विजेची लहर करणारा भाग. तो हेडफोनची खाच असलेल्या कुठल्याही डिजिटल यंत्रात असतोच, आणि आजच्या बऱ्यापैकी प्लेअरमध्ये तो इतका चांगला असतो की त्यावरून प्लेअर निवडणं म्हणजे कागदाच्या पांढरेपणावरून पुस्तक निवडण्यासारखं आहे.)

तर तो आला. जड, देखणा, पुढून सगळी काच, आत अँड्रॉइड. आवाजाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण सुरू व्हायला तो पाऊण मिनिट घ्यायचा, आणि सुरू झाला की आधी अपडेट मागायचा. खिशात ठेवला की मांडीच्या स्पर्शाने गाणी बदलायची. पहिल्याच आठवड्यात मी त्यावर ब्राउझर टाकला, "फक्त गाण्याचे शब्द बघायला". दुसऱ्या आठवड्यात मेल. दोन दिवस हात लावला नाही तर झोपल्या झोपल्या बॅटरी संपवून ठेवायचा, कारण त्याच्या पोटात पंचवीस गोष्टी जाग्या असायच्या. तीनेक वर्षांनी गाणी ऐकवणाऱ्या एका ॲपने 'तुमचं अँड्रॉइड आता जुनं झालं' असं सांगून दार लावून घेतलं. आगीतून निघून फुफाट्यात पडले होते मी. सिम नसलेला फोन विकत घेतला होता. तो आता भाच्याकडे आहे आणि दोघं सुखात आहेत.

माझ्याच वाट्याला हे आलं असं नाही म्हणा. १९९८ मध्ये निघालेल्या एमपीमॅन एफ१० या प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती. १२८ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या) एमपीथ्री फाइली भरल्या तर जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत मावणार. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला आयपॉड ५ जीबीची इवलीशी हार्ड डिस्क आणि बोटाने फिरवायचं चाक घेऊन आला. गाणं वाजवण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने आयपॉडचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या घराण्यात एकटा आयपॉड टच उरला होता. म्हणजे काय, तर सिम नसलेला फोन. चाकवाला आयपॉड त्याच्या आठ वर्षं आधीच गेला होता.

दुसऱ्या खेपेला मी वाचन बंद ठेवलं. एका मैत्रिणीकडे बटणांचा छोटा प्लेअर होता, तो दोन दिवस मागून आणला आणि त्याची एकच परीक्षा घेतली. प्लेअर खिशात, हात खिशात, डोळे पुढे. आता थांबव, पुढचं गाणं लाव, आवाज कमी कर. तिन्ही गोष्टी न बघता जमल्या तर पास. ऐकायला पोरकट वाटेल, पण संगीताचं यंत्र आपण बहुतेक वेळ बघत नसतो. चालत असतो, भांडी घासत असतो, अंधारात पडलेलो असतो. बटणावर बोटाला कळेल असा उंचवटा आहे का, आवाजाची आणि गाणी बदलायची बटणं वेगवेगळ्या आकाराची किंवा वेगळ्या बाजूला आहेत का, सगळी बटणं एका झटक्यात बंद करणारी कुलूपपट्टी आहे का, या गोष्टी कुठल्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसतात. कुलूपपट्टी नसलेला प्लेअर तर मी आता फुकट दिला तरी घेणार नाही.

आवाजाच्या पायऱ्या हा त्यातलाच एक प्रकार. काही प्लेअरमध्ये शून्यापासून पूर्ण आवाजापर्यंत तीसच पायऱ्या असतात, काहींत शंभराच्या वर. दिवसा फरक कळत नाही. रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर तीनवर ऐकूच येत नाही आणि चारवर कानात घुसतं, तेव्हा कळतो. त्यात कानात खोचायचे इअरफोन फार संवेदनशील असले तर गाणं नसतानाही मागे बारीक 'हिस्स' ऐकू येतं. ते गाण्यातलं नसतं, प्लेअरच्या ॲम्प्लिफायरचं असतं. म्हणून प्लेअर तपासायचा तो स्वतःच्या इअरफोनवर, आणि गाणं थांबवूनही.

प्लेअरच्या हेडफोनच्या खाचेचा स्वतःचा विद्युत अवरोध किती हा एक आकडा मात्र मी अजूनही बघते. इअरफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागाहून तो कमी असावा असा ठोकताळा आहे. माझे इअरफोन १६ ओहमचे, म्हणजे खाचेचा अवरोध २ ओहम किंवा कमी. तो जास्त असला तर काही इअरफोनचा आवाजच बदलतो, कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचे सूर दबतात, आणि आपण इअरफोनला दोष देत बसतो. घरी वापरायच्या ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनची गोष्ट उलटी, त्यांना विजेचा दाब जास्त लागतो आणि छोटा प्लेअर धापा टाकतो. ज्यांच्याकडे तसे हेडफोन आहेत त्यांनी ४.४ मिलिमीटरची ती जाड 'बॅलन्स्ड' खाच (दोन्ही कानांना वेगवेगळ्या तारांनी जास्त दाब देणारी) जरूर बघावी. माझ्यासारख्यांनी तिच्यासाठी खिसा हलका करू नये.

आता मूळ दुखण्याकडे येते. दुखणं माझ्या धंद्याचं आहे, पण मराठीत गाण्यांची नावं लिहिणाऱ्या कुणालाही ते होईल.

शेवटी तसाच बटणांचा एक घेतला. त्या नव्या प्लेअरमध्ये मी हौसेने सगळी गाणी भरली. संगणकावर त्यांची नावं देवनागरीत, एकूण एक तपासून लिहिलेली. प्लेअर सुरू केला आणि पहिल्या फोल्डरमध्ये नुसते चौकोन. ओळीने चौकोन, जणू कुणी वीटकाम काढलं आहे. म्हणजे प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँटच नाही. ते एक वेळ समजू शकते. पण दुसऱ्या फोल्डरमध्ये वेगळीच तऱ्हा होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग एक विचित्र गोल चिन्ह, मग पुन्हा तोच 'ए', आणि मधून मधून चक्क जपानी येनची खूण. मी आधी फाइली बिघडल्या असं समजले. मग एका रविवारी खोदून पाहिलं आणि उलगडा झाला तेव्हा एकटीच हसत बसले.

गंमत अशी आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवतात. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, आणि जुनी पश्चिम युरोपीय पद्धत लावून तो वाचला तर तिथे तो तिरक्या रेघेचा 'ए' दिसतो. दुसरा बाइट दोनपैकी एक असतो. स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी इथपर्यंतची चिन्हं पहिल्या गटात येतात, त्यांना तो गोल आकार मिळतो. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण दुसऱ्या गटात, आणि त्यांच्या वाट्याला येनचं चिन्ह. म्हणजे एखाद्या शब्दातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे त्या कचऱ्यातूनही कळतं! येन दिसला तर दीर्घ. इतकी वर्षं ऱ्हस्व-दीर्घाचे नियम लोकांना सांगते आहे, पण इतका सोपा नियम मला कधी सापडला नव्हता.

हे का होतं, तर एमपीथ्री फाइलीत गाण्याचं नाव, गायकाचं नाव वगैरे माहिती ज्या टॅगमध्ये असते त्या टॅगच्या पिढ्या आहेत. सर्वात जुना टॅग फाइलीच्या शेपटाशी १२८ बाइटचा असतो आणि त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट. कोणती लिपी, कोणती पद्धत हे सांगायची सोयच नाही. देवनागरीच्या तीन-तीन बाइटच्या हिशेबाने त्यात दहा चिन्हं मावतात, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. मराठी गाण्याच्या मुखड्याचं दहा चिन्हांत काय होणार? नंतरच्या टॅगमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत, आलं. पण फाइलीत नवा टॅग असूनही एखादा प्लेअर जुनाच वाचतो, किंवा टॅग लिहिणारं सॉफ्टवेअर पद्धत चुकीची नोंदवतं. फ्लॅक फाइलींत (आवाजातलं काहीही न गमावता लहान केलेल्या) हा घोळ होत नाही, त्यांचे टॅग यूटीएफ-८मध्येच असतात.

मग मी टॅग दुरुस्त केले, प्लेअरचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदललं, त्यात देवनागरी फाँट आला. आता तरी? आता अक्षरं दिसली, पण कशी! 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी 'क'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर उभी. जोडाक्षरांचे पाय मोडके, 'द्रुत'मधला 'द' आणि 'र' शेजारी शेजारी, मध्ये पाय मोडल्याची खूण लोंबत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते. दाखवताना ती आधी नेऊन ठेवणं, जोडाक्षर जुळवणं, रफार वर चढवणं हे काम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने करायचं असतं. संगणक आणि फोन ते करतात, म्हणून आपल्या कधी लक्षात येत नाही. छोट्या प्लेअरचं सॉफ्टवेअर साठवलेल्या क्रमाने चिन्हं मांडून मोकळं होतं. फाँट असून उपयोग नाही. (भाच्याकडे गेलेला अँड्रॉइडवाला देवनागरी अगदी निर्दोष दाखवायचा, हे न्यायाने सांगितलं पाहिजे.)

एखाद्या मुद्रितशोधकाला दिवसभर काम करून झाल्यावर विरंगुळ्यासाठी दिलेल्या यंत्रावर साडेतीनशे चुकीच्या वेलांट्या दाखवणं हा छळ आहे. दुरुस्तीची खूण करायला लाल पेन्सिल घेऊन मी स्क्रीनकडे बघत राहायचे. दोन आठवडे सहन केलं आणि शेवटी प्लेअरवरची सगळी नावं रोमनमध्ये केली. संगणकावरचा मूळ संग्रह देवनागरीत, खिशातली प्रत रोमनमध्ये. ज्या बाईने कायम रोमनमधल्या मराठीला नाकं मुरडली तिच्यावर ही वेळ! मात्र रोमन करतानाही माझ्यातली शिस्त सुटली नाही. 'आ' कसा लिहायचा, 'ळ' कसा, याचा तक्ता करून तो संगणकाशेजारी चिकटवला आहे.

नावांचं असं, तर क्रमाचं दुसरंच. व्याख्यानमालेचे चोवीस भाग मी भरले होते. प्लेअरने पहिल्यानंतर दहावा लावला, मग अकरावा. मी आपली ऐकते आहे, वक्ता 'मागच्या वेळी आपण पाहिलं' म्हणतो आहे, आणि मला काही आठवत नाही. नावातला आकडा तो आकडा म्हणून वाचतच नाही, अक्षर म्हणून वाचतो, त्यामुळे १ नंतर १० येतो आणि २ बिचारा १९ च्या मागे. तोडगा सोपा, ०१, ०२ असं लिहायचं. पण काही प्लेअर नाव बघतच नाहीत. कार्डावर ज्या क्रमाने फाइली गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. मेमरी कार्डावर फाइली मांडायच्या 'फॅट' नावाच्या पद्धतीत फोल्डरची यादी साधारण नोंदीच्या क्रमाने राहते, वर्णक्रमाने नाही. माझा जुना, पोट सुटलेला, या जातीचा होता. तेव्हा मी चरफडायचे, फाइली एकेक करून क्रमाने चिकटवायचे.

टॅगमध्ये एक रकाना असतो 'जॉनर' नावाचा, संगीताचा प्रकार लिहायचा. तो माझ्या कधी उपयोगी पडला नाही. माझ्या संग्रहात त्यात एकतर 'इतर' होतं नाहीतर रिकामं. मग मी तो सरळ बळकावला. आता त्यात चारच शब्द आहेत, 'काम', 'चाल', 'घर' आणि 'अंधार', तेही अर्थात रोमनमध्ये. कामाच्या वेळी शब्द असलेलं काही चालत नाही, नाहीतर गाण्यातला शब्द हातातल्या मजकुरात घुसतो. एकदा मी एका अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'सजणा' लिहिणार होते. म्हणून 'काम'मध्ये फक्त वाद्यं. 'अंधार'मध्ये ज्यात मध्येच टाळ्यांचा कडकडाट होत नाही असं सगळं.

टाळ्यांवरून आठवलं. विलंबित ख्याल संपतो आणि त्याच श्वासात द्रुत सुरू होतं, पण रेकॉर्डिंगमध्ये ते दोन ट्रॅक असतात. साध्या प्लेअरवर त्या दोहोंमध्ये तानपुरा एक क्षण गप्प होतो. क्षणच, पण पायरी चुकल्यासारखं वाटतं. एमपीथ्री फाइल ११५२ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) चौकटींनी बनते, ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. गाणं चौकटींत बरोबर बसत नाही, म्हणून शेवटी शांतता भरतात, सुरुवातीलाही थोडी येतेच. किती भरली याची नोंद लेमसारखे एन्कोडर (एमपीथ्री बनवणारे प्रोग्रॅम) फाइलीत करून ठेवतात. ती वाचून तेवढी शांतता प्लेअरने गाळली तर सांधा कळत नाही. हे करत असेल तर त्याच्या वर्णनात 'गॅपलेस' लिहिलेलं असतं. नुसतं लिहिलेलं आहे यावर मी विश्वास ठेवत नाही, तानपुऱ्यावर तपासते. फ्लॅकमध्ये मुळात भरती नसते, पण प्लेअर पुढची फाइल उघडायला वेळ लावणारा असला तर तिथेही खड्डा पडतोच.

फ्लॅक की एमपीथ्री, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. फ्लॅक त्यातला एकही आकडा न गमावता साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसवतो. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी, पण जे कानाला कळणार नाही असं तिला वाटतं ते ती टाकून देते. मला कळतं का, हे बघायला मी संगणकावर आंधळी चाचणी घेतली. दोन नमुने, आणि तिसरा यांपैकी कोणता ते ओळखायचं, सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून बारा गाठलेत तर तुमच्या कानांना मान. ३२० ला माझे नऊ आले. चाचणीआधी मी शपथेवर सांगितलं असतं की मला फरक ऐकू येतो. जुन्या १२८ च्या फाइली मात्र लगेच पकडल्या, टाळ्यांच्या आवाजावर, तो पाण्यातून आल्यासारखा येतो. तेव्हापासून घरच्या संगणकावर फ्लॅक, कारण मूळ प्रत एकदाच करायची आणि तिच्यापासून पुढे हवी ती काढता येते. खिशात ३२०. उलटं करू नये. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर फाइल फुगते, गेलेलं काही परत येत नाही.

१२८ जीबीच्या कार्डावर ३२० च्या फाइली साधारण ८९० तास चालतील, म्हणजे रात्रंदिवस ३७ दिवस. माझं इतकं ऐकून होणार आहे का? तरी मी एकदा याच्या चौपट मोठं कार्ड घेतलं, आणि ते नकली निघालं. आकार ५१२ दाखवायचं, आत होते ३२. अशी कार्डं खोटं बोलतात, भरलेलं सगळं घेतल्याचं सांगतात आणि खरी जागा संपली की पुढचं हवेत सोडतात किंवा आधीच्यावर लिहितात. फाइलींची नावं यादीत दिसतात, वाजवायला गेलं तर शांतता. सलग तीन रात्री मी प्लेअरवर संशय घेतला. आता नवं कार्ड आलं की संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रॅमने ते काठोकाठ भरून परत वाचून घेते. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे. रात्रभर चालतं, पण कानाला खडा.

चार्जिंगचाही एक चकवा सांगून ठेवते. नव्या प्लेअरला सी-टाइपची खाच आहे, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीने तो चार्जच होईना. बिघडलेला समजून परत करायच्या बेतात होते. मग जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली वायर लावली तर मुकाट्याने चार्ज झाला. खाचेत ५.१ किलोओहमचे दोन रोध बसवायचे असतात, त्यांवरून चार्जरला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे. बनवणाऱ्याने ते वाचवले होते. दोन अगदी किरकोळ तुकडे! प्लेअर मला आवडतो, म्हणून एक जुनी वायर त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, तिच्यावर चिठ्ठी लावून. परवा शोधत होते ती हीच.

कानांबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. ८३ ला २०, ८६ ला १०. मी दिवसाला सहा-सात तास कानात काहीतरी घालून बसते, म्हणजे काठावरच. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवण्याऐवजी कान नीट बंद करणारे रबरी टोक शोधलं. तीन मापांतलं मधलंच सगळे वापरतात, मला लहान लागलं. डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधलं, खरं सांगायचं तर.

आता रोजचं कसं चालतं? शनिवारी संध्याकाळी भरणी होते. कार्डावर जागा कितीही असली तरी मी वीसच अल्बम ठेवते. नवीन एक घालायचा तर एक काढायचा. हा नियम मी केला तेव्हा वाटलं होतं की नव्याचे नऊ दिवस. पण तो टिकला, कारण वीसात निवड पटकन होते आणि मी कामाला लागते. दोनशेंत मी निवडतच बसते. कुठला काढायचा यावर मात्र आठवडाभर मनात वाद चालतो. एक सतारीचं रेकॉर्डिंग अकरा महिने झाले, हललेलं नाही. बॅटरी दर तीन-चार दिवसांनी. गावाला जाताना प्लेअर घरी ठेवायचा असला तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवत नाही, निम्मा ठेवते. जुन्याबाबत हे केलं असतं तर कदाचित त्याचं पोट इतक्यात सुटलं नसतं.

आणि त्याच्याकडून काढलेलं ते कार्ड. ८ जीबीचं. संगणकात न घालता मी ते सरळ नव्या प्लेअरमध्ये घातलं. चुकीच्या वेलांट्याच वेलांट्या, अर्थात. पण नव्या प्लेअरमध्ये 'नावाप्रमाणे क्रम लावा' ही सोय बंद करता येते. ती बंद केली तेव्हा गाणी लागली ती मी तेव्हा ज्या क्रमाने चिकटवली होती त्या क्रमाने. पहिलं कोणतं, त्यानंतर घाईने कोणतं, आणि शेवटी जागा उरली म्हणून भरलेली चार. त्या वेळी मला हा क्रम म्हणजे प्लेअरचा दोष वाटत होता. हे सगळं संगणकावर घेऊन, नावं सुधारून, नव्या कार्डावर नीट लावायचं असं ठरवलं होतं.

अजून तरी केलेलं नाही. 'काम'च्या वेळी नवं कार्ड असतं, आणि रात्री चुकीच्या वेलांट्यांचं.